वाघिणीची तारीख

मुठ्याला रेल्वे नाही. पिरंगुटहून लवासाच्या रस्त्याला लागलं की टेमघर धरणाच्या अलीकडे आमचं गाव लागतं. भाताची खाचरं, नदी आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाव न घेणारा पाऊस. शिट्टी ऐकायची तर पुणे स्टेशन गाठावं लागतं. अशा गावात बसून मी मालगाडीचे डबे करतो. कॅरेज अँड वॅगन खात्यात खलाशी म्हणून लागलो, टीएक्सआर (ट्रेन एक्झामिनर) होऊन निवृत्त झालो, आणि जे डबे आयुष्यभर हातोडीने ठोकून पाहिले तेच आता चिमट्याने जोडत बसतो.

आमच्या मुळशी तालुक्याला रेल्वे अगदीच ठाऊक नाही असंही नाही. टाटांच्या मुळशी धरणाचं काम चालू होतं तेव्हा इकडे कामाची रेल्वे होती, आणि 1924 च्या अखेरीस सेनापती बापट आणि त्यांच्या साथीदारांनी ती अडवली. शाळेत मुळशी सत्याग्रहाचा धडा झाला तेव्हा त्या गाडीला कसले डबे होते हे विचारणारा पोरगा वर्गात एकही नव्हता. मीही नाही विचारलं.

घरी आलेला पाहुणा फळीवरचे डबे निरखतो आणि हमखास विचारतो, “इंजिन कुठंय?” इंजिन नाही. रेल्वेचं वेड असलेल्या बहुतेकांना इंजिनाचंच वेड असतं, आणि त्यामुळे इंजिनांची सोय झालेली आहे. स्टेशनांबाहेर, रेल्वेच्या कचेऱ्यांसमोर चौथऱ्यावर जुनी इंजिनं रंगरंगोटी करून उभी असतात. त्यांचे फोटो आहेत, पुस्तकं आहेत, कुठलं इंजिन कुठल्या शेडला होतं याच्या याद्या आहेत. वाघीण, म्हणजे मालाचा डबा, मात्र कंडम झाली की भंगारात जाते, तीही वजनावर. पैसे कमावले ते तिने. प्रवासी गाड्यांचा तोटा मालवाहतूक भरून काढते हे रेल्वेत पहिल्या आठवड्यातच कळतं. पण तिची आठवण ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

मागे उरतं ते तुटपुंजं. ड्रॉइंगं, जुने प्रशासकीय अहवाल, इंजिनांच्या फोटोंत मागे कोपऱ्यात अर्धवट आलेले डबे. आणि चाकं काढून जमिनीवर ठेवलेल्या पेट्या. ही गोष्ट फारशी कुणी बघत नाही. जुन्या चारचाकी बंद डब्याची चाकं, बफर, ब्रेकचं सामान काढून उरलेली पेटी रुळाकडेला ठेवायची आणि गँगचं सामान, दिवे, तेल ठेवायला वापरायची, ही रेल्वेची जुनी काटकसर. अशी एखादी पेटी सापडली की माझा दिवस सार्थकी लागतो. तिच्यावर ऊन-पावसाने रंगाचे थर सोललेले असतात, आणि खालच्या थरावर आधीचे नंबर, आधीच्या रेल्वेची अक्षरं पुसट दिसतात. टेप, वही, खडू आणि तिरपा उजेड एवढं असलं की काम होतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जावं. दुपारच्या उन्हात रिव्हेट दिसत नाहीत.

ड्रॉइंग मिळालं म्हणजे काम झालं असं नवशिक्यांना वाटतं. ड्रॉइंग सांगतं ते वाघीण कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवसाचं. त्यानंतर ती वीस-तीस वर्षं मार खाते. ब्रॉडगेजच्या वाघिणी निरनिराळ्या रेल्वेंच्या सामाईक ताफ्यात फिरायच्या, त्यामुळे आमच्या मध्य रेल्वेची वाघीण महिनोन्महिने मध्य रेल्वेवर दिसायचीच नाही. जिथे बिघडली तिथे ‘सिक’ मारायची, दुरुस्तीच्या सिक लाईनला घ्यायची, हाताशी जे सामान असेल ते लावून सोडायची. एका दाराचा पत्रा एका वर्कशॉपचा, दुसऱ्याचा दुसऱ्याचा. बिजागऱ्या वेगळ्या. एका बाजूचं लेबल-होल्डर शाबूत, दुसऱ्या बाजूला नुसती भोकं. म्हणून प्रतिकृती करायला बसलो की मी आधी तारीख ठरवतो. कुठल्या सालची, पावसाळ्याआधीची की नंतरची, भरलेली की रिकामी. तारीख ठरली नाही तर वाघीण छान दिसते, पण ती कधीच कुठल्या यार्डात उभी नव्हती.

डब्यावर तारखा रंगवलेल्या असायच्याच. पीओएच, म्हणजे ठरावीक मुदतीने होणारी मोठी दुरुस्ती, कुठल्या वर्कशॉपला कधी झाली आणि पुढची कधी, हे पांढऱ्या स्टेन्सिलने लिहिलेलं असे. शिवाय रिकाम्या डब्याचं वजन, किती माल भरायचा ते, आणि ‘म.रे.’. हल्लीच्या वाघिणींना अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (मध्य रेल्वेचे 01), पाचवा-सहावा बांधणीच्या सालाचा, मग चार आकडे तिचे स्वतःचे, आणि शेवटचा पडताळणीचा. दहा आकडे घेऊन ठरलेली बेरीज-गुणाकार केली की अकरावा यायला हवा, नाहीतर कुणीतरी नंबर चुकीचा उतरवलाय. माझ्या उमेदीच्या काळात हे नव्हतं. चारचाकी डब्याला नुसता नंबर असे आणि त्यावरून वय ओळखायचं तर रजिस्टर लागे. पण यार्डात रजिस्टर कोण बघतो? आम्ही एक्सल बॉक्स बघून ओळखायचो.

एक्सल बॉक्स म्हणजे आमच्या नोकरीचा निम्मा भाग. जुन्या वाघिणींना रोलर बेअरिंग नव्हतं. चाकाच्या दांडीच्या टोकावर वरून पितळी बेअरिंग बसायचं, आतून पांढऱ्या धातूचं अस्तर, आणि खालून तेल पाजायला पॅकिंग. तेल आटलं, पॅकिंग सरकलं, धूळ गेली, की गरम. गाडी यार्डात शिरताना दोन्ही बाजूंना उकिडवं बसून चाकांकडे बघायचं, कान लावायचे, आणि गाडी थांबली की एकेका बॉक्सवर हाताची पालथी बाजू टेकवत जायचं. तळहात लावायचा नाही. गरम निघाला तर पालथा हात आपोआप मागे येतो, तळहात चिकटतो. हॉट एक्सल झालेल्या डब्याचा वास आधी यायचा, जळक्या तेलाचा, आणि बॉक्सच्या झाकणाखाली काळा ओघळ दिसायचा. तो ओघळ मी प्रतिकृतीत काढतो. चाकाच्या आऱ्यांवर, सोलबारवर (तळाच्या लांब पोलादी पट्टीवर), आणि चाकातून उडालेलं तेल डब्याच्या तळाला जिथे लागतं तिथे. रोलर बेअरिंगच्या वाघिणीला तसा ओघळ काढला तर तो खोटा. प्रदर्शनांत अशा पुष्कळ वाघिणी बघितल्यात.

दुसरी खूण ठिगळांची. धान्य भरायच्या आधी बंद डबा पाणीबंद आहे का हे बघायची रीत साधी होती. दोघांनी आत शिरायचं आणि बाहेरच्याने दोन्ही दारं ओढून घ्यायची. आत मिट्ट काळोख, मागच्या मालाचा वास (कधी खत, कधी मीठ, कधी काय सांगता येत नाही असा), आणि पत्रा तापलेला. डोळे सरावले की जिथून उजेड दिसेल तिथे आतून खडूने खूण करायची. जिथून उजेड येतो तिथून पाणी येणार. छपराच्या सांध्यात, दाराच्या वरच्या पट्टीत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे बाजूच्या पत्र्याच्या तळाशी, जिथे मीठ आणि ओला भुसा साचून पत्रा सडतो. त्यामुळे ठिगळं नेहमी तळाच्या वीतभर पट्ट्यात आणि दाराच्या कोपऱ्यांत असतात. पत्र्याच्या मधोमध मारलेलं ठिगळ दिसलं तर समजावं की करणाऱ्याने शोभेसाठी मारलंय. मी ठिगळाला कागदाइतका पातळ प्लास्टिकचा पत्रा घेतो, कडा नखाने दाबतो, आणि रंग मूळ पत्र्यापेक्षा किंचित ताजा ठेवतो. रेड ऑक्साइड नवा असताना विटकरी, मग उन्हाने गुलाबीसर, मग धुळीने तपकिरी. तीन ठिगळांचे तीन रंग झाले तरी बिघडत नाही, बरंच.

सध्या हातात आहे ते कुर्डुवाडी स्टेशन. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिकडे काही काळ होतो, आणि तिथली एक जागा डोक्यातून गेली नाही. एका रुळावर ब्रॉडगेजची वाघीण, शेजारी बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेजची, आणि मधे हमाल. इकडची पोती तिकडे. तेवढी पन्नास-साठ पावलांची जागा मला करायची आहे.

बार्शी लाईटबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वाघिणीपासून विचार सुरू करणारा इंजिनियर मला एकच माहीत आहे आणि तो म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस. मेन लाईन बार्शीला वगळून गेली होती आणि बार्शी तर कापसाची मोठी पेठ. कॅलथ्रॉपने तिला मेन लाईनशी जोडायला अडीच फुटी रूळ निवडले आणि एक नियम धरला, की कुठल्याही दांडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, इंजिनाच्याही नाही आणि वाघिणीच्याही नाही. ऐकायला साधं वाटतं. एरवी रूळ इंजिनाच्या वजनाला पुरतील असे टाकायचे आणि वाघिणी त्यावरून अर्ध्या भाराने पळवायच्या, अशी पद्धत होती. कॅलथ्रॉपने वाघिणीलाही रुळाचा पुरता उपयोग करू दिला. चार दांड्यांवर भरलेली वाघीण वीस टनांपर्यंत जायची. सांगाडा दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचा, म्हणून हलका, म्हणजे त्या वीसात मालाचा वाटा मोठा. इंजिनं कीटसन कंपनीची, आठ चालती चाकं आणि मागे चार छोटी. हे सगळं त्याने लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून तज्ज्ञांना चालवून दाखवलं, आणि 1897 च्या मार्चमध्ये बार्शी लाईट सुरू झाली. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 मध्ये सरकारने ती घेतली. त्याच कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी रेल्वे बांधली. ती जेमतेम तीस वर्षं चालली, पण तिकडच्या छांदिष्टांनी तिचा इंच न् इंच मोजून ठेवलाय. आमची शंभर वर्षांहून जास्त चालली.

मालाच्या सगळ्या डब्यांना एकाच मापाचा सांगाडा, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद, ही कॅलथ्रॉपची दुसरी शहाणपणाची गोष्ट, आणि प्रतिकृती करणाऱ्यावर उपकारच. मी करतो त्या एकास सत्त्याऐंशी प्रमाणात हा सांगाडा साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर लांब आणि साडेचोवीस रुंद येतो. एकदा साचा नीट केला की वरची पेटी बदलत जायची. रूळही सोपे. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर, त्याचे या प्रमाणात पावणेनऊ होतात, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचे तयार रूळ मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळत नाही.

घोडं अडतं ते ब्रॉडगेजवर. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीने भागा, सव्वाएकोणीस येतात. तयार मिळतात ते साडेसोळाचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या 1435 साठी केलेले. बहुतेक जण आपली इंजिनं-डबे त्याच साडेसोळावर उभे करतात. एकटं उभं असताना चालून जातं. काहीजण एकास शंभर प्रमाण धरतात, मग साडेसोळा जवळजवळ बरोबर बसतं, आणि मला ती युक्ती पटते. पण कुर्डुवाडीत दोन्ही रूळ शेजारी हवेत. तिथे दोन प्रमाणं चालणार नाहीत, आणि ब्रॉडगेज अरुंद झालं तर तो सगळा देखावाच मोडतो, कारण तिथे उभ्या राहिलेल्या माणसाला पहिली जाणवायची ती दोन्हींतली तफावत. म्हणून ब्रॉडगेजचे रूळ मी हाताने टाकले. पितळी गेज कापून घेतला, स्लीपर एकेक चिकटवले, रूळ दर चौथ्या स्लीपरला डाखले. ब्रॉडगेजच्या वाघिणींच्या दांड्याही लांबवाव्या लागल्या. कोथरूडला संगम प्रेसजवळ भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 ला सुरू झालेलं. तिथे गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, लहान पोरं काचेला नाक लावून उभी असतात. तो धावण्याचा खेळ आहे आणि तिथे तयार रूळच हवेत. माझ्या वाघिणी उभ्या राहणार, माल भरून घेणार. उभ्या वाघिणीकडे माणूस जवळून बघतो.

उभ्या वाघिणीत आणखी एक भानगड. ब्रॉडगेजवर बफरची उंची रुळापासून जास्तीत जास्त 1105 मिलिमीटर आणि भरलेल्या डब्याची कमीत कमी 1030, अशी मर्यादा पाळावी लागते. म्हणजे माल भरला की डबा स्प्रिंगांवर खाली बसतो. प्रतिकृतीत तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाऊ शकतो आणि दोन वाघिणी बफरला बफर लावून उभ्या केल्या की लगेच दिसतो. भरत आलेली वाघीण मी थोडी खाली बसवतो, रिकामी वर.

हमालांची गोष्ट मला ड्रॉइंगमध्ये मिळाली नाही, गावातच मिळाली. आमच्याकडची, मावळातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला पोट भरायला गेलेली. गोदीत, गिरणीत, डबे पोचवायला. वरच्या आळीतले एक आबा तरुणपणी वाडीबंदरच्या मालधक्क्यावर होते. मी त्यांना वाघिणीचा अर्धवट सांगाडा नेऊन दाखवला आणि विचारलं, “आबा, पोतं घेऊन आत शिरताना डोकं लागायचं का तुमचं?”

“माझं नाय लागायचं. पोत्याचं लागायचं,” आबा म्हणाले. “म्हून दाराशी वाकायचंच. न वाकता शिरलास की पोत्यासकट माघारी.”

मग उठून त्यांनी वाकून दाखवलं. पाठ आडवी, मान वर, एक हात मागे पोत्याच्या कानाला, दुसरा मोकळा. “ह्यो हात मोकळा ठेवायचा. चौकट धरायला. फळी हलती.” सांगाड्याकडे बघून म्हणाले, “दार लई गुळगुळीत केलंय तू. आमच्या आकड्यांनी पार खरवडलेलं असायचं इथं.” आणि चौकटीच्या उजव्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, बोट ठेवलं. मालधक्का वेगळा असला तरी दार तेच, पोतं तेच आणि आकडाही तोच. त्या बोटाच्या जागी आता माझ्या प्रत्येक बंद डब्याला रंग खरवडलेला आणि आतला पत्रा चकाकता असतो. माणसंही मी तशीच केली, दाराशी वाकलेली, एक हात मोकळा.

साहित्याचं फार सांगत नाही. पत्र्यासाठी पातळ स्टायरीन शीट, रिव्हेट उठवायला मागून बोथट सुईचा दाब, बारीक ड्रिल आणि कानस पुण्याच्या बोहरी आळीतून, जुनी वेळापत्रकं आणि कधीमधी एखादा फोटो जुन्या बाजारातून. लेझर कटिंग पिरंगुटच्या कारखान्यांच्या पट्ट्यात होतं, पण खिडक्या-जाळ्या सोडल्या तर मी ते टाळतो. लेझरची कड फार सरळ येते आणि जुन्या वाघिणीत सरळ असं काही नसतं. पुठ्ठ्याचं काम मुठ्यात करूच नये. पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पुठ्ठा फुगतो, रंगावर पांढरट धुकं धरतं. जूनआधी रंगकाम आटपायचं आणि पावसात नुसतं मोजमाप आणि वाचन करायचं, असा माझा शिरस्ता आहे. वीज गेली की तेही बंद.

कुर्डुवाडीनंतरची वाघीण ठरलेली आहे, आणि तिची तारीख मला शोधावी लागली नाही. बार्शी लाईटच्या त्या वाटेवर आता ब्रॉडगेज आहे. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं, पंढरपूर आणि कुर्डुवाडीवरूनच. पहिली गाडी 12 एप्रिलला लातूरला पोचली, दहा टँकर, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास टँकरची गाडी धावू लागली. टँकर तेलाचे होते, कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेने धुऊन घेतलेले. तेलाच्या टँकरला झाकणापासून खाली काळे ओघळ असतात, तो तर त्याचा दागिनाच. या टँकरला ते काढायचे नाहीत. धुतलेल्या पत्र्यावर जुन्या ओघळांची फक्त सावली राहील एवढाच हात मारायचा, आणि वर पाण्याचे ताजे ओघळ. हे जमेल की नाही ते पावसाळा सरल्यावर बघू.

शेवटी एक काम तुम्हाला लावून ठेवतो. मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-बार्शी-लातूर या पट्ट्यात कुणाच्या शेतात, खळ्यावर, एखाद्या बंद स्टेशनामागे जुन्या डब्याची पेटी किंवा सांगाडा पडलेला असेल, तर फोटो नंतर काढा. आधी दाराची रुंदी आणि उंची मोजा, मग दोन रिव्हेटांमधलं अंतर. सोलबारवर लोखंडी पाटी असेल तर ती तारेच्या ब्रशने घासू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवा. अक्षरं उतरतील. आणि कुठल्याही कोपऱ्यात ठिगळ दिसलं तर त्याचंही माप घ्या.